खेळातील लिंगभावावरचं पुस्तक घेताना

आधी प्रकाशनाचं साल पाहा. अ‍ॅथलेटिक्समध्ये महिला गटाचे नियम इतक्यांदा बदललेत की जुनं पुस्तक आजचं म्हणून वाचलं तर सगळा युक्तिवाद चुकीचा समजतो. महिला गटात खेळण्यासाठी रक्तातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची २०११ ची मर्यादा लिटरमागे १० नॅनोमोल होती. भारतीय धावपटू द्युती चंदच्या दाव्यात क्रीडा लवादाने २०१५ मध्ये ती स्थगित केली. २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरती ५ झाली, २०२३ मध्ये सर्व प्रकारांना २.५. २०२५ मध्ये एसआरवाय या, सहसा पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असणाऱ्या जनुकाची चाचणी आली.

मग शेवटची सूची उघडून 'टेस्टोस्टेरॉन'ची पानं वाचा. रक्तातली पातळी आणि शरीराचा तिला मिळणारा प्रतिसाद या वेगळ्या गोष्टी आहेत. लेखक त्यांची सरमिसळ करत असेल, तर ते पुस्तक सुरुवातीला मुळीच घेऊ नका.