खेड्यात राहून स्विफ्ट किती खाली घ्यावी?

तुमच्याकडे 2016 ची स्विफ्ट आहे, राहणे दारव्हा तालुक्यातील खेड्यात आहे आणि दुकानदार 60 मिमी खाली घेऊ म्हणतो, तर उंची किती ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे. मी आर्णीजवळ राहतो व तशीच गाडी सहा वर्षांपासून 25 मिमी खाली घेऊन वापरतो. तुम्हालाही त्याहून खाली जाऊ नका, असेच सांगेन. टायर आणि मडगार्ड यांमधली फट पाहून हा आकडा काढलेला नाही.

या गाडीची कंपनीने सांगितलेली जमिनीपासूनची उंची 170 मिमी आहे, पण ती रिकाम्या गाडीची. गाडी खाली घेण्याआधी घरची पाच माणसे बसवून आणि डिकीत तुरीची दोन पोती टाकून मी चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, पट्टी धरली, तेव्हा 138 मिमी भरले. त्यातून 60 गेले की काय उरते, ते तुम्हीच पाहा.

आता गतिरोधकाचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंमी उंच असतो. स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर 2.43 मीटर असल्यामुळे गाडी मधोमध आली की चारही चाके त्या उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली फुगवटा जेमतेम 43 मिमी येतो. आपल्या गावांत मात्र कोणीतरी रातोरात हातभर रुंदीचा सिमेंटचा बांध घालून ठेवतो, आणि त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. आमच्या शाळेपुढचा गतिरोधक तसाच, 10 सेंमीचा आहे. त्यावर काळ्या मातीचे ओले गोळे ठेवून खाली घेतलेली, भरलेली गाडी पायी चालण्याच्या वेगाने नेली, तेव्हा चेंबरखालचा गोळा दबून करंगळीएवढा जाड उरला होता. तुम्हीही रोजच्या वाटेवरच्या सर्वांत वाईट जागेवर हा प्रयोग आधी करून पाहा. शेतात जायला पांदण असेल तर तिथे पावसाळ्यानंतरच मोजा, कारण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या चिखलात खोल जातात आणि दिवाळीपर्यंत त्यांच्यामधला उंचवटा वाळून दगडासारखा होतो.

जास्त खाली घेतल्याने गाडी वळणावर अधिक घट्ट बसते, हा समजही पुरता खरा नाही. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या केंद्रापेक्षा अधिक वेगाने खाली उतरतो. मग स्प्रिंग कडक नसेल तर गाडी उलट जास्तच झुकते. शिवाय शॉकअपला दबायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबर) आदळतो.

स्प्रिंग कापून किंवा तापवून घेऊ नका. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताच बैठकीतून सुटू शकते आणि तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते. थोड्या कडक, तयार लोअरिंग स्प्रिंग घ्या. त्या भारालाही कमी दबतात, त्यामुळे भरलेल्या गाडीत पूर्ण 25 मिमी जात नाहीत. काम झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा. स्प्रिंग बसायला 500 किमी द्या, आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.