कृषी सल्ला: आधी सावली, मग कोंबडी

या वेळी तीन प्रश्न आले आहेत. तिन्ही प्रश्न उन्हाळ्यातल्या कोंबड्यांचेच असले तरी पहिला प्रश्न लांबून, थेट थरच्या वाळवंटातून आला आहे. त्याला जास्त जागा देतो, कारण आपल्या माणदेशातल्या लोकांनाही त्यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रश्न: आम्ही मूळचे आटपाडी तालुक्यातले. मालकांचा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा बिकानेरात आहे. शहराबाहेर घर घेतलं, मागे मोठं परस आहे. फेब्रुवारीत 14 कोंबड्या आणल्या. एप्रिलपासून 6 मेल्या. सगळ्या दुपारी 3 ते 5 च्या दरम्यान, पत्र्याच्या खुराड्यात. कुत्र्यांच्या भीतीने दिवसा कोंडून ठेवते. पाणी कायम भरलेलं असतं. भाजीसाठी गावाकडच्यासारखे गादीवाफे केले, दोन वेळा बोअरचं पाणी देते, तरी रोपं करपतात. कोंबडखत घातलं तर आणखीच जळाली. काय चुकतंय?

उत्तर: ताई, तुम्ही वेळ आणि जागा लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण निदान त्यातच आहे. दुपारची वेळ, पत्रा आणि कोंडलेली कोंबडी, या तिघांनी मिळून हा घात केला.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश असतं. जास्तीची उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून बाहेर काढते आणि पंख अंगापासून सुटे धरते. हवा हलती असेल तर हे जमतं. पत्र्याखाली कोंडलेल्या हवेत जमत नाही. भर दुपारी पत्र्याला आतून हात लावून बघा, चटका बसेल. तीच धग तासन् तास कोंबडीच्या पाठीवर उतरत असते. तुमच्या भागातली हवा काय करते हे वेगळं सांगायला नको. बिकानेरच्या नैर्ऋत्येला असलेल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले, तो देशातला विक्रमी आकडा. अशा ठिकाणी खुराडं म्हणजे रात्रीची जागा. दिवसाची जागा झाडाखालीच हवी.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की उरलेल्या 8 कोंबड्यांत सध्या एकही भर घालू नका. आधी सावली उभी करा. आत्ताची सोय म्हणून पत्र्यावर वीतभर जाडीचा पाला अंथरा. तिकडे झोपड्या शाकारायला खींप नावाचं झुडूप वापरतात, तीच आणा. पत्र्याला वरून चुना मारा. दोन समोरासमोरच्या भिंती काढून तिथे जाळी लावा. कुत्र्यांची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय जाळीच, पत्रा नव्हे. जाळी जमिनीत हातभर खाली पुरा, नाहीतर कुत्रं उकरून आत येईल आणि मुंगूसही. लूच्या (उष्ण वाऱ्याच्या) बाजूला गोणपाट टांगून दुपारी ओलं ठेवा. तुमच्याकडची हवा कोरडी असल्याने ओल्या गोणपाटातून येणारा वारा खरोखर गार लागतो. हीच युक्ती कोकणात कुणी केली तर दमटपणा वाढून कोंबडी जास्त गुदमरेल, म्हणून हे ऐकून कोकणातल्या नातेवाइकांना कळवू नका. तुमच्याकडेही आंधीनंतर (धुळीच्या वादळानंतर) पाऊस शिंपडून गेला आणि हवा दमट झाली की गोणपाट कोरडा राहू द्या.

कायमची सोय म्हणजे झाड. तिकडची खेजडी म्हणजे आपली शमी, काही जण सौंदड म्हणतात तीच. तिच्यावर त्या मुलखाचा किती जीव आहे हे तुम्हाला तिथे राहून ठाऊक असेलच. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृता देवींसह 363 बिश्नोई माणसांनी ही झाडं वाचवताना प्राण दिले. हे झाड उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी काढतं, ऐन गरजेच्या वेळी सावली देतं आणि त्याच्याखाली पीकही येतं. पण ते सावकाश वाढतं, तुमच्या कोंबड्या तोवर थांबणार नाहीत. म्हणून आजच दोन खेजड्या लावा आणि त्यांच्या जोडीला शेवगा लावा. शेवग्याला पाणी मिळालं तर वर्षाच्या आत डोक्यावर जातो, पाला कोंबड्यांना आवडतो, शेंगा घरात येतात. थंडीत हिमदव पडलं की शेवगा वरून जळतो, पण बुंध्यातून पुन्हा फुटतो, घाबरू नका. पहिल्या उन्हाळ्यापुरती हिरवी शेडनेट बांधा.

आता पाणी. तुम्ही लिहिलंत की पाणी कायम भरलेलं असतं. ते कशात असतं? प्लास्टिकच्या भांड्यात, उन्हात असेल तर दुपारी ते गरम होतं, आणि पाणी 35 अंशांच्या वर गेलं की कोंबडी पिणं कमी करते. समोर भरलेलं भांडं असून ती तहानलेली राहते. मातीची पसरट परळं आणा, सावलीत ठेवा, निम्मी वाळूत रोवा आणि दुपारी 12 आणि 3 वाजता पाणी बदला. एरवी कोंबडी पाव लिटर पिते, उन्हाळ्यात अर्ध्या लिटरवर जाते. म्हणजे 8 कोंबड्यांना रोज 4 लिटर, फार नाही.

पण तुमचं पाणी बोअरचं आहे आणि मला खरी शंका तिथेच येते. त्या भागातलं जमिनीखालचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारं असतं. टीडीएस (एक लिटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम) तपासून घ्या. 1000 च्या आत असेल तर निश्चिंत राहा. 3000 च्या वर गेलं तर कोंबडीची विष्ठा पाण्यासारखी होते, अंड्याचं कवच नाजूक होतं, आणि पिऊनही तिची तहान भागत नाही. कोंबड्यांना कालव्याचं नळाचं पाणी द्या, नाहीतर पावसाचं. जुनी घरं टांका (पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी) कशासाठी बांधत होती? तुमच्याकडे वर्षाला साधारण 250 मिलिमीटर पाऊस होतो. 100 चौरस मीटरच्या छपरावर त्याचं 25000 लिटर पाणी होतं. गळती, वाफ, पहिल्या पावसाचं धुण सोडून दिलं तरी 20000 लिटर हाती लागतं. कोंबड्यांना वर्षभर पुरून भाजीलाही उरतं. या पावसाळ्यापूर्वी टांका झाला तर घरातली सगळ्यात शहाणी गुंतवणूक तीच ठरेल.

खाण्याची वेळही बदला. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी वाढते. सकाळी 9 ला पोटभर दाणे खाल्लेल्या कोंबडीला तो भार नेमका भर दुपारी सोसावा लागतो. पहाटे उजाडताच खायला घाला, 8 नंतर भांडं उचला, पुन्हा ऊन उतरल्यावर द्या. मधे भूक म्हणून ओला हिरवा पाला, कलिंगडाची, मतीऱ्याची (तिकडच्या रानकलिंगडाची) साल चालते. कवच पातळ व्हायला धापही कारण असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

आता वाफे. गादीवाफा ही आपल्याकडच्या पावसाळ्याची गोष्ट, पाणी निचरून जावं म्हणून. वाळवंटात पाणी निचरून जायला नको, धरून ठेवायला हवं. तुम्ही माती वर उचललीत, तिला चारही बाजूंनी लू लागली आणि ती भट्टीतल्या विटेसारखी वाळली. उलटं करा. वीतभर खोल, चारी बाजूंना बांध असलेले छोटे खोलगट वाफे घ्या, हात पोचेल इतक्याच रुंदीचे. तळाला कुजलेलं खत मिसळा, वर चार बोटं पाल्याचं आच्छादन घाला. मध्ये कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरून झाकण ठेवा. पाणी मातीतून झिरपत राहतं, रोपं मुळं मडक्याकडे नेतात. भोपळा, काकडी, टिंडा मडक्याभोवती लावलेले पाहिलेत तर पुन्हा पाइपने पाणी देणार नाही. मात्र खाऱ्या पाण्याने मडक्याची भोकं बुजतात आणि वाफ्यात मीठ साठतं, म्हणून इथेही पावसाचं पाणी.

आणि हंगाम समजून घ्या. मे महिन्यात टोमॅटो जगवण्यासाठी जीव टाकू नका. तुमचा भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पालक, मेथी, मुळा, गाजर, कांदा तेव्हा. जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा रोपांवर गोणपाट टाका. फेब्रुवारीत वेलभाज्या. जुलैचा पहिला पाऊस पडला की गवार, मटकी, चवळी, काचरी. ही पिकं तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या घेत आलीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती माझ्याहून जास्त सांगेल.

कोंबडखताबद्दल थोडं नीट लिहितो, कारण ही चूक आपल्याकडेही दरवर्षी होते. ताजं कोंबडखत म्हणजे अतिशय तीव्र नत्र. ओलावा कमी असलेल्या मातीत ते मुळांना भाजतं. शिवाय त्यात क्षार असतात, आणि तुमचं पाणी आधीच खारं असावं. म्हणजे तुमच्या रोपांवर दोन्हीकडून मार पडला. खत कुजवूनच वापरा. वाळवंटात उकिरड्याचा ढीग करू नका, तो वाळून तसाच पडून राहतो. गुडघाभर खड्डा करा. एक थर विष्ठा, तीन थर कडबा किंवा सुका पाला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा. मूठ आवळली की ओल जाणवावी पण थेंब पडू नये. महिन्याने उलथा, वरून गोणपाट झाका. तीन महिन्यांत काळंभोर, वास नसलेलं खत हाती येईल. ते वाफ्याला दोन मुठी पुरे.

कोंबड्यांना वाफ्यात केव्हा सोडायचं? रोपं लहान असताना कधीच नाही, अर्ध्या तासात आच्छादन उकरून टाकतात. पीक निघाल्यावर सोडा. उरलेला पाला, किडे, तणाचं बी सगळं वेचतात आणि वाफा तयार करून देतात. परसाचे जाळीने दोन भाग केलेत तर एकात भाजी, एकात कोंबड्या, हंगामाला अदलाबदल.

आमची आई उन्हाळ्यात एक करायची ते सांगतो. फुटक्या मडक्यात शेणाचा चुरा आणि काड्या भरायची, थोडं पाणी शिंपडायची आणि संध्याकाळी वारुळाशेजारी पालथं घालायची. सकाळी मडकं उचललं की आत वाळवी वळवळत असायची. ती पिलांपुढे झटकली की पिलं तुटून पडत. खाद्य महाग असतं, वाळवी तुमच्या वाळूतही भरपूर आहे. प्रथिनांसाठी यापेक्षा स्वस्त काही मला माहीत नाही.

एक सावधगिरी. कोरड्या भागात कोंबडीची गोचीड फार असते. दिवसा ती लाकडाच्या फटीत लपते, रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्याच्या खाचा बघा. फटी चुन्याने लिंपा, दांडे उकळत्या पाण्याने धुवा, राख आणि बारीक माती घालून धूळ अंघोळीचा खड्डा द्या. पिकावरचं कीटकनाशक कोंबडीवर किंवा खुराड्यात मारू नका, ही कळकळीची विनंती. औषध लागलंच तर पशुवैद्यकाकडूनच घ्या.

पुढे पक्षी घ्याल तेव्हा उदयपूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली प्रतापधन विचारा, परसातल्या पालनासाठीच ती काढली आहे. उघड्या मानेची जात मिळाली तर उत्तम, तिच्या मानेवरून उष्णता लवकर जाते. भारी वजनाचे पक्षी तुमच्या उन्हाळ्यात घेऊ नका.

प्रश्न: (म्हसवडजवळून) आमच्या कोंबड्या आठवड्यात 9 मेल्या. ऊन लागलं की मानमोडी (राणीखेत रोग)?

उत्तर: दादा, विष्ठा बघा आणि वेळ बघा. उन्हाने मरते ती दुपारी, बहुधा जाडजूड पक्षी आधी, आणि संध्याकाळी बाकीच्या पुन्हा चालत्या होतात. मानमोडी रात्री-पहाटे कधीही मारते, विष्ठा हिरवट पातळ होते, मान वाकडी होते, श्वास घरघरतो, आणि एकीनंतर दुसरी लागत जाते. आठवड्यात 9 हे मला मानमोडीसारखं वाटतं. आजच पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवा, हे काम त्यांच्या खात्याचं आहे आणि माझ्या अंदाजावर थांबू नका. मेलेल्या कोंबड्या चुना घालून खोल पुरा, ओढ्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका. पुढच्या वेळी पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी या मानमोडीच्या लसी द्या. लस बर्फात आणा आणि सकाळी गारव्यात द्या. दुपारी 40 अंशात दिलेली लस वाया जाते आणि कोंबडीही दमते.

प्रश्न: (सांगोल्याहून) खुडूक (उबवायला बसू पाहणाऱ्या) कोंबडीखाली दहा-बारा दिवस टोपलीत साठवलेली 12 अंडी ठेवली, 2 पिलं निघाली. बाकी अंडी नासली.

उत्तर: मावशी, दोष कोंबडीचा नाही. तुम्ही अंडी दहा-बारा दिवस टोपलीत साठवलीत असं लिहिलंय. घरातली हवा 25 अंशांच्या वर गेली की अंड्यातला जीव अर्धवट हलू लागतो, मग थांबतो, मग मरतो. अशी अंडी कितीही चांगली उबवली तरी निघत नाहीत. उन्हाळ्यात बसवायचीच झाली तर 4-5 दिवसांपेक्षा जुनं अंडं घेऊ नका. साठवताना पसरट भांड्यात वाळू घ्या, ती ओली ठेवा, वर फडकं टाकून त्यावर अंडी ठेवा, आणि भांडं माठाशेजारी अंधारात. बसवल्यावर कोंबडी सकाळी उठून गेली की अंड्यांखालच्या मातीवर थोडं पाणी शिंपडा, कोरड्या हवेत अंडं सुकतं. सातव्या रात्री बॅटरीपुढे अंडं धरून बघा, लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नितळ दिसलं तर काढून घ्या. आता मात्र खुडूक मोडा आणि तिला श्रावणानंतर बसवा, तोवर सावलीत फिरू द्या.