शिक्षकखोलीत कान उघडे ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चांगली शाळा कशी ओळखायची, असं विचारलं आहेस. नव्या शाळेत रुजू झाल्यावर कपाटातल्या ढाली बघत बसू नकोस. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बस. वेळापत्रकाची कुरकुर, पालकांच्या तक्रारी सगळीकडेच ऐकू येतात. पण "माझी मुलं अपूर्णांकांच्या बेरजेत छेदही मिळवून टाकतात, तू कसं समजावतोस?" असं वाक्य कानावर पडलं, तर ती शाळा सोडू नकोस. शिक्षण-संशोधक ज्यूडिथ वॉरन लिटल यांनी अमेरिकेतल्या सहा शाळांचा अभ्यास १९८२ मध्ये मांडला. यशस्वी शाळांमधले शिक्षक शिकवण्याबद्दल असंच बारकाव्यानं बोलतात, एकमेकांचे तास बघतात, पाठ मिळून आखतात, असं त्यांना दिसलं.

तास बघणं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. माझ्या पहिल्या वर्षी मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि शेरा चार दिवसांनी यायचा. त्या दिवशी मी फक्त हुशार मुलांना उठवायचे. (मुलांनाही ते कळायचं.) पुढे एका सहकारी बाईंना मीच बोलावलं. म्हटलं, बाकी काही बघू नका, प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते तेवढं मोजा. सेकंदभरसुद्धा नाही! उत्तर मीच देऊन मोकळी. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात बहुतेक शिक्षकांचं हेच आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद किती मोठे असतात, ते वर्गापुढे उभं राहिल्यावरच समजतं. ओठांवर आलेलं उत्तर गिळावं लागतं.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलं काय करताहेत ते टिपतात. नंतर चिरफाड होते ती पाठाची, शिकवणाऱ्याची नव्हे. त्यासाठी दोघा-तिघांचे ऑफ तास एका वेळी यावे लागतात. ते मुख्याध्यापकांच्या हातात असतं, म्हणून मागून घे.

आनंददायी शिक्षण म्हणजे फुगे आणि टाळ्या, हे काही मला पटत नाही. एकदा एका मुलीनं फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३ = २/५. मी पुसलं नाही. "कसं केलंस?" एवढंच विचारून थांबले. वरचे मिळवले, खालचे मिळवले, तिनं सांगितलं. वर्ग शांत. मग मागून एक जण पुटपुटला, "पण बाई, २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात भर घातली आणि कमी कसं झालं?" जो गलका झाला! सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती, आणि खडू तिनं हातातून सोडला नव्हता.

पहिल्या महिन्यात तुझा तास बघायला कुणाला बोलावलंस, ते कळव.

तुझी,
बाई