डॉकिंगला 'बसवणी' म्हणावं का?

पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका संशोधिकेनं विचारलं आहे: "संगणकाच्या मदतीनं नवी औषधं शोधणं हे माझं काम. गावी माझ्या जुन्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांसमोर मराठीत बोलायचं आहे आणि मी 'मॉलिक्युलर डॉकिंग'पाशी अडले, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या पोकळीत कसा बसतो हे संगणकावर पाहण्यापाशी. भाषांतराच्या यंत्रानं 'आण्विक गोदीकरण' दिलं. याहून बरा शब्द आहे का?"

आहे. आधी 'आण्विक' काढून टाका. तो हिंदीतून आलेला आहे. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. दहावीच्या मराठी मुलाला 'आण्विक' म्हटलं की अणुबॉम्ब नाहीतर तारापूरची अणुभट्टी आठवेल. तुमचं काम रेणूंचं आहे.

आता 'गोदी'. मुंबईकराला माझगावची गोदी माहीत असते, गोदी कामगार माहीत असतात. जहाज गोदीत येऊन टेकतं, तिथं त्याची दुरुस्ती होते किंवा माल चढतो-उतरतो. इंग्रजीत या शब्दानं जहाजापासून अंतराळयानापर्यंत प्रवास केला, म्हणून १९८२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत अर्विन कुंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाचा रेणू प्रथिनाच्या पोकळीत बसतो का हे तपासणारी जी संगणकी पद्धत मांडली, तिच्या प्रोग्रॅमला 'डॉक' हे नाव सहज शोभलं. मराठीत 'गोदी' तेवढी फिरलेली नाही. ती अजून बंदरातच आहे, म्हणून 'गोदीकरण' ऐकताना मनात काहीच उभं राहत नाही.

काही जण 'रेणू-जुळणी' सुचवतील. शब्द वाईट नाही, पण जुळणीत दोन्ही बाजू बरोबरीच्या वाटतात: पत्रिका जुळतात, सूर जुळतात. इथं एक बाजू हजारो अणूंचं प्रथिन आहे आणि दुसरी बाजू पाच-पन्नास अणूंचा लहानसा रेणू. लहान वस्तू मोठीच्या आत जाऊन स्थिरावते, त्याला आपण रोज काय म्हणतो? बसणे. झाकण बसलं, बिजागरी बसली, अंगठीत खडा बसवला.

'बसवणे'मध्ये आणखी एक छटा आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. आपण नाटक बसवतो, गाण्याला चाल बसवतो. एका फटक्यात ते होत नाही. पुन्हा पुन्हा करून पाहायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे, मग कधीतरी बसतं. डॉकिंगचा प्रोग्रॅम हेच करतो: रेणू फिरवतो, त्याचे सुटे बंध वळवतो, प्रत्येक स्थितीला गुण देतो, पुन्हा हलवतो. म्हणून आखणी, मांडणी, बांधणी यांच्या ओळीत 'बसवणी' घ्यावा असं मी म्हणेन. रेणूची बसवणी. फार छान बसला तर त्यासाठी विशेषणही तयारच आहे: चपखल. आणि रेणू ज्या स्थितीत बसतो, ज्याला तुम्ही 'पोझ' म्हणता, तिला 'ठेवण' म्हणून पाहा.

रेणू बसतो कुठे? इंग्रजीत 'पॉकेट'. खिसा नको, तो शिवलेला असतो. मला आधी 'कोंदण' सुचलं होतं, दिसायला देखणा शब्द. पण कोंदण त्या खड्यासाठीच घडवलेलं असतं, आणि प्रथिनातली पोकळी आपल्या औषधासाठी घडलेली नसते. ती शरीराच्या किंवा जंतूच्या स्वतःच्या कामासाठी असते, आपण तिथं दुसरंच काही बसवू पाहतो. म्हणून 'खोबण'. डोळ्याची खोबण सगळ्यांना माहीत आहे, सुतारालाही माहीत आहे.

मुलांना तुम्ही कुलूप-किल्लीचं उदाहरण देणारच. विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) आणि ते ज्यावर काम करतं ते त्याचं खाद्य कुलूप-किल्लीसारखं जुळावं लागतं, हे एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते आहे. ते जरूर द्या, पण तिथं थांबू नका. कुलूप किल्लीसाठी आकार बदलत नाही, प्रथिन मात्र बदलतं. डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये हे मांडलं. इंग्रजीत या कल्पनेसाठी हात आणि हातमोज्याचा दाखला देतात. आपल्याकडे हातमोजे कोण घालतं! कोल्हापुरी चप्पल घ्या. नवी असताना चावते, आठ-पंधरा दिवसांनी पायाला बसते. पाय तोच असतो, चामडं त्याचा आकार घेतं. म्हणजे 'बसणे' या एका क्रियापदात कॉशलंड यांचं म्हणणंही आधीच सामावलेलं आहे. (प्रथिनाला पंधरा दिवस लागत नाहीत, हे मुलांना सांगायला विसरू नका.)

हे हलणं औषधशोधात किती महत्त्वाचं ठरतं याचं एक उदाहरण हाताशी ठेवा. एचआयव्हीचं इंटिग्रेज नावाचं विकर आहे. विषाणू त्याच्या मदतीनं आपलं जनुकीय साहित्य माणसाच्या डीएनएत घुसवतो. २००४ मध्ये सॅन दिएगोच्या अँड्र्यू मॅकॅमन यांच्या गटानं या विकराचं एकच स्थिर चित्र न घेता संगणकावर त्याला हलू दिलं आणि त्याच्या वेगवेगळ्या स्थितींत रेणूची बसवणी करून पाहिली. स्थिर चित्रात न दिसलेला एक चर तिथं उघडा झाला. त्यांच्या इंग्रजी शोधनिबंधात त्याला 'ट्रेंच' म्हटलं आहे. पाणी अडवायला आपण शेतात खणतो तोच हा चर, त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही.

'बाइंडिंग'ला 'बंध' म्हणण्याबाबत जरा जपून. शाळेत मुलं सहसंयुज बंध, आयनिक बंध शिकतात. बहुतेक औषधं प्रथिनाशी असा पक्का बंध करत नाहीत, हलक्या आकर्षणांनी धरून राहतात आणि सुटतातही. तिथं 'धरून राहणे' म्हणा. 'लिगंड' (खोबणीत बसणारा लहान रेणू) हा शब्द मात्र तसाच ठेवा, किंवा नुसतं 'रेणू' म्हणा.

'स्क्रीनिंग'साठी, म्हणजे असंख्य रेणूंतून कामाचे हुडकण्यासाठी, 'चाळणी' सर्रास वापरतात. चाळणीत एकाच मापाची भोकं असतात आणि दाणा त्यातून पडतो किंवा अडतो. इथं प्रत्येक रेणू वेगळा पाहून क्रमानं लावला जातो. हे तांदूळ निवडण्याच्या जवळचं आहे, म्हणून मला 'निवडणे' पटतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला धरणाऱ्या एका प्रथिनाच्या, म्हणजे डी४ ग्राहीच्या (रिसेप्टरच्या), खोबणीत १३ कोटी ८० लाख रेणू संगणकावर बसवून पाहिले गेले. त्यांतून निवडलेले ५४९ प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवून तपासले. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

शेवटी तुमच्या विषयाचं नाव. 'ड्रग डिस्कव्हरी' म्हणू नका. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरात 'ड्रग' म्हणजे अमली पदार्थ. 'औषधशोधन'ही नको: शोधन म्हणजे शुद्धी, आणि आयुर्वेदात पाऱ्याचं शोधन म्हणजे पारा शुद्ध करणं. 'औषधशोध' मात्र नेमका आहे, कारण 'शोध' या शब्दाला मराठीत तीन क्रियापदं लागतात आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. शोध घेणे, शोध लावणे, शोध लागणे. संगणकासमोर बसून तुम्ही शोध घेता. पडद्यावर उत्तम गुण मिळवलेला रेणू परीक्षानळीत, मग पेशींत, मग प्राण्यांत आणि मग माणसांत टिकला, तरच औषधाचा शोध लागला असं म्हणता येतं.

मुलांना असं सांगून पाहा: "आजार घडवणाऱ्या प्रथिनात एक खोबण असते. त्या खोबणीत चपखल बसेल आणि त्याचं काम थांबवेल असा रेणू मी शोधते. आधी कोट्यवधी रेणू संगणकावर बसवून पाहते, मग त्यांतले थोडे निवडून प्रयोगशाळेत पाठवते." पुढच्या बाकावरून कुणी विचारलं, "तिथं न बसता दुसरीकडेच बसला तर?", तर त्या मुलाला औषधाचे दुष्परिणाम काय असतात ते तिथंच सांगता येईल.