पानं वाढली, डाव बिघडला

या वेळच्या टपालात 'स्ले द स्पायर'चेच प्रश्न जास्त. मेगा क्रिट कंपनीचा हा पत्त्यांवर चालणारा खेळ 2019 मध्ये पूर्ण रूपात आला, पुढे फोनवरही आला. खालचे आकडे असेन्शन (खेळ अवघड करत नेणाऱ्या पायऱ्या) न चढवलेल्या साध्या खेळाचे आहेत.

प्रश्न : मी आयर्नक्लॅड हे पात्र घेऊन खेळतो. प्रत्येक लढाईनंतर समोर येणाऱ्या तीन कार्डांतलं सगळ्यात भारी उचलतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी डेक, म्हणजे माझा गठ्ठा, 34 कार्डांचा होतो. डेमन फॉर्म, लिमिट ब्रेक, सगळं असतं, तरी बॉसपुढे मरतो. चुकतं कुठे?
— विद्यार्थी, निपाणी

कार्डं भारीच आहेत. ती वेळेवर हातात येत नाहीत, एवढंच. दर टर्नला 5 कार्डं येतात, म्हणजे 34 कार्डांचा डेक एकदा फिरायला 7 टर्न लागतात. दर टर्नला ताकद, म्हणजे फटक्यातलं डॅमेज, वाढवणारं डेमन फॉर्म पहिल्याच हातात यायची शक्यता 34 मध्ये 5, जेमतेम 15 टक्के. डेक 20 कार्डांचा असता तर ती 25 टक्के झाली असती. शिवाय दर टर्नला कार्डं खेळायला 3 एनर्जी मिळते आणि ती सगळी त्यालाच लागते, म्हणजे तो अख्खा टर्न त्यातच जातो. सहाव्या टर्नला आलेलं डेमन फॉर्म म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड. आणि ताकद शून्य असताना ती दुप्पट करणारं लिमिट ब्रेक आलं, तर शून्याची दुप्पट शून्यच. त्यापेक्षा 1 एनर्जीत लगेच 2 ताकद देणारं इन्फ्लेम पुष्कळदा जास्त कामाला येतं.

मेंढीकोटाची 52 पानं ठरलेली असतात. इथे डेक आपणच वाढवायचा आणि आपणच छाटायचा. दिवाळीत गणपत गल्लीत शिरल्यावर दिसेल ते पिशवीत टाकतो, तसं इथे केलं की पुढे ते ओझं आपल्यालाच वाहायचं असतं. बक्षिसाच्या पडद्यावर 'स्किप' असतं, ते वापरा. कार्ड घेण्याआधी एकच विचारा : पुढच्या कोणत्या लढाईत हे मला वाचवणार आहे? नाव सांगता आलं नाही तर सोडून द्या.

दुकानात कार्ड काढून टाकायला पहिल्यांदा 75 सोनं लागतं, नंतर दर वेळी 25 जास्त. आधी स्ट्राइक काढा. 1 एनर्जीत 6 डॅमेज ही पहिल्या अंकानंतर चिल्लर आहे. डॅमेज अडवणारं डिफेंड त्यामानाने जास्त दिवस टिकतं.

पण 'डेक जितका बारीक तितका बरा' हेही पोथीसारखं धरू नका. तीन सेंट्री (पहारेकरी शत्रू) भेटतात तेव्हा त्या तुमच्या डेकात डेझ्ड नावाची निरुपयोगी कार्डं एका वेळी दोन-दोन घुसवत राहतात. 12 कार्डांच्या डेकात ती भरली की हातात खेळण्यासारखं काही उरत नाही, मोठा डेक ती पचवतो. आणि पॉमेल स्ट्राइक (9 डॅमेज, एक कार्ड ओढा) किंवा श्रग इट ऑफ (8 ब्लॉक, म्हणजे 8 डॅमेज अडतं, एक कार्ड ओढा) यांनी डेक जाड होतच नाही. ही कार्डं आपली जागा आपणच भरून काढतात.

प्रश्न : पहिल्या अंकात ग्रेमलिन नॉब दर वेळी मारतो. भरपूर ब्लॉक करूनही!
— एक वाचक, चिकोडी

ब्लॉक करूनही नव्हे, ब्लॉक केल्यामुळेच. पहिल्या टर्नला तो नुसता ओरडतो, मारत नाही. त्या ओरडण्यानंतर तुम्ही खेळलेल्या प्रत्येक स्किल कार्डामागे त्याची ताकद 2 ने वाढते, आणि डिफेंड हे स्किलच आहे. हिशेब मांडून बघा : एका डिफेंडने 5 डॅमेज वाचलं, तेही एकदाच. ताकदीचे ते 2 मात्र पुढच्या प्रत्येक फटक्यात मोजावे लागतात. तीन फटके खाल्ले की 6 गेले, म्हणजे 1 तोट्यातच.

त्याचा जीव 82 ते 86 असतो. सुरुवातीच्या 10 कार्डांतच (5 स्ट्राइक, 4 डिफेंड, 1 बॅश) भागवायचं झालं, तर पहिल्या टर्नला बॅश आणि एक स्ट्राइक खेळा. बॅशचे 8, आणि तो व्हल्नरेबल झाल्यामुळे दीडपट झालेल्या स्ट्राइकचे 9, असे 17. दुसऱ्या टर्नला तीन स्ट्राइक, 27. पानं अगदी मनासारखी पडली तरी दोन टर्नांत 44 च होतात आणि निम्मा नॉब उभाच असतो. नॉबसारखे एलिट, म्हणजे जास्त तगडे शत्रू, सहाव्या मजल्यापासून भेटतात. तोवर दोन-तीन चांगली अटॅक कार्डं घेतलेली हवीत. नसतील तर नकाशावर दुसरी वाट धरा, त्यात काही कमीपणा नाही. जी स्किल खेळायचीच आहेत, ती पहिल्या टर्नला, तो ओरडायच्या आधी खेळून घ्या. तेव्हा ती फुकट असतात.

प्रश्न : मुलगा दिवसभर फोनवर पत्ते खेळतो. ऑनलाइन रमीसारखे यात पैसे लावतात का?
— एक आई, वडगाव

नाही हो ताई. खेळ एकदाच विकत घ्यायचा, आत पुन्हा पैसे मागत नाही. त्यातलं 'सोनं' खेळापुरतंच असतं. दिवसभर खेळतो, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो तुम्हीच सोडवायचा.

प्रश्न : सायलेंट या पात्राचा विषाचा डेक करतो. काही लढाया मस्त जातात, काहींत विष लागतच नाही.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

लागत नाही ते आर्टिफॅक्टमुळे. शत्रूच्या जीवाखाली ते चिन्ह असतं, आणि त्याचा एक अंक तुमचा एक दुष्परिणाम गिळतो. सेंट्रीकडे 1 असतो, ब्रॉन्झ ऑटोमॅटन या बॉसकडे 3. त्यावर पहिल्याच झटक्यात डेडली पॉयझन टाकलं तर 5 विष वाया. आधी न्यूट्रलाइझ टाका. त्याला एनर्जी लागत नाही, आणि आर्टिफॅक्टचा एक अंक त्याचं वीक (शत्रूचा फटका कमी करणारा दुष्परिणाम) खाऊन संपतो. सगळे अंक संपले की मग विष.

दुसरी गोम वेळेची. 5 विष म्हणजे 5, 4, 3, 2, 1 असं एकूण 15 डॅमेज, पण ते पाच टर्नांत वाटलेलं. एकावर एक चढवलं की मजा येते : 10 विषाचे 55 होतात. त्यावर कॅटॅलिस्ट या कार्डाने दुप्पट करून 20 केले तर शेवटपर्यंत 210. पण तोवर जगायचं कशाच्या जोरावर? विषाची सहा कार्डं आणि ब्लॉकची दोनच, असे डेक नेमके इथेच फुटतात. विषाची तीन-चार पुरेत, बाकी जागा ब्लॉकला आणि ब्लॉक वाढवणाऱ्या फुटवर्कला द्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो. लढाईच्या मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर सगळी फेरी जाते का?
— एक वाचक, खानापूर

फेरी जात नाही, ती लढाई तेवढी पहिल्यापासून येते. खेळ खोलीत शिरताना सेव्ह होतो आणि लढाई जिंकल्यावर पुन्हा होतो, मधल्या टर्नांची नोंद राहत नाही. लाईट आल्यावर 'कंटिन्यू' करा. जीव शिरतानाचा असेल, आणि पहिल्या हातात तीच पाच पानं येतील, कारण पिसणी आधीच ठरलेली असते. म्हणजे शत्रू काय करतो हे एकदा बघून झालेलं असतं. याला फसवणूक म्हणायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. वीज खात्याची तक्रार मात्र या लढाईपुरती तरी मागे घ्यायला हरकत नाही.