दाढेचा ठणका रात्रीच का वाढतो?

या वेळी निवडलेली पत्रं सगळी दाढदुखीची आहेत. उत्तरं दंतवैद्यांनी दिली आहेत.

प्रश्न (खानापूर): दिवसभर खालची दाढ नुसती कुरकुरते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका सुरू होतो आणि कानापर्यंत जातो. उठून बसलं की थोडा उतरतो. थंड पाण्याची गुळणी धरली तर बरं वाटतं. असं का होतं?

उत्तर: दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, याला संवेदना नसते. कीड तेवढ्यापुरती असते तोवर काहीच दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला येत नाही. कवचाखाली डेंटिनचा थर असतो. त्यात केसाहून बारीक असंख्य नळ्या असतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. थंड पाणी लागलं की हा द्रव हलतो आणि नळीच्या आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूला धक्का बसतो. सणक येते आणि जाते. गोकाकचा करदंट खाताना किडका दात कळवळतो तोही असाच, कारण गुळाचा घट्ट पाक नळीतला द्रव बाहेर खेचतो.

ही सणक पोचवणारे तंतू वेगळे आणि तुमचा ठणका पोचवणारे वेगळे. सणकेच्या तंतूंवर, म्हणजे ए-डेल्टावर, पातळ आवरण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसऱ्या प्रकाराला सी तंतू म्हणतात. ते दाताच्या गाभ्यात, आपण ज्याला 'नस' म्हणतो तिथे, खोलवर असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर. गाभ्याला सूज आली की हे तंतू जागे होतात. मग दुखणं बोथट, खोल आणि पसरणारं होतं आणि लवकर थांबत नाही.

बोटाला सूज आली तर बोट फुगतं. दाताच्या गाभ्याला फुगायला जागाच नाही, चारी बाजूंनी कठीण भिंती. त्यामुळे आतला दाब वाढत जातो. आडवं झाल्यावर डोकं हृदयाच्या पातळीत येतं, डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांतला दाब थोडा वाढतो आणि त्या कोंडलेल्या जागेला तेवढाही पुरतो. उठून बसल्यावर उतार पडतो तो यामुळेच. आज रात्री दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपा.

कानात कळ का जाते? खालच्या जबड्याच्या आणि कानापुढच्या भागाच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या एकाच फाट्यातून मेंदूकडे जातात. कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला सांगता येत नाही. खालची दाढ किडलेली असताना माणूस शपथेवर वरची दाखवतो, तेही यातूनच. बाजू मात्र सहसा चुकत नाही. उजवीकडची कळ डावीकडच्या दातात जात नाही.

थंड पाण्याने बरं वाटतं आणि गरम चहाने ठणका उसळतो, ही खूण उशिराची आहे. या टप्प्यावरचा गाभा बहुधा पूर्ववत होत नाही. रूट कॅनल किंवा दाढ काढणं, यांतला एक मार्ग घ्यावा लागेल. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. चार-आठ दिवसांत ठणका आपोआप थांबला तर दाढ बरी झाली असं समजू नका. तंतू मेले म्हणून दुखणं थांबलं. जंतू मात्र मुळाच्या टोकाकडे चाललेले असतात. पुढचं दुखणं चावताना येतं, दाढ उंच झाल्यासारखी वाटते, आणि मग पू धरतो.

प्रश्न (चिकोडी): शनिवारी रात्री दाढ ठणकायला लागली आणि दवाखाना थेट सोमवारी उघडणार. तोवर कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी? घरात उरलेलं अँटिबायोटिक चालेल का?

उत्तर: निरोगी प्रौढ माणसाने काही खाऊन इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घ्यावं. सुजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि ती वेदनेच्या तंतूंना हळवं करतात. इबुप्रोफेन ती तयार होऊ देत नाही. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. दोन वाटा अडवल्या जातात, म्हणून एकट्या गोळीपेक्षा जोडी भारी पडते.

पुढची मात्रा ६ ते ८ तासांनी. २४ तासांत इबुप्रोफेनच्या ४०० च्या ३ गोळ्या, म्हणजे १२०० मिलिग्रॅम, याच्या वर जाऊ नका. पॅरासिटामॉल सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत ठेवा. रोज दारू घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. चुका होतात त्या बेरजेत. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत इबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं, त्यावर वेगळी इबुप्रोफेन घेऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. दुसरी चूक म्हणजे कळ डोक्यात जाईपर्यंत थांबणं. वेदना चढल्यावर तीच गोळी कमी पडते. पहिला दिवस घड्याळ लावून घ्या.

पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वेदनाशामकाने उसळणारा दमा, गरोदरपण, किंवा डेंग्यूची शंका असलेला ताप, यांपैकी काहीही असेल तर इबुप्रोफेन घेऊ नका. तिथे पॅरासिटामॉलच, आणि तेही विचारून.

लहान मुलाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम होतात. सिरप घेताना बाटली नीट वाचा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. पहिल्याचे १० मिलिलिटर लागतील, दुसऱ्याचे ५ ला थोडे कमी. दोन मात्रांत किमान ६ तास जाऊ द्या. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आणि १२ वर्षांखालच्यांना निमेसुलाइडही नाही.

अँटिबायोटिकने हा ठणका जात नाही. गाभ्याचा रक्तपुरवठाच कोंडलेला असतो, औषध पोचणार कसं? गालावर सूज आली, ताप आला, तर त्याची गरज पडू शकते. ते तपासून ठरवायचं असतं. उरलेल्या चार गोळ्या खाऊन नव्हे.

दातांच्या फटीत काही अडकलं आहे का तेही बघा. कित्येकदा अर्धी कळ तिथेच असते. धाग्याने हलकेच काढा, सुई-पिन घालू नका. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. गालावर बाहेरून गार पाण्याची घडी १० ते १५ मिनिटं ठेवा. शेक देऊ नका.

प्रश्न (निपाणी): लवंगेचं तेल, मिसरी, अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत धरणं, यांतलं काय चांगलं?

उत्तर: लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरोखर तंतू बधिर करतं. कापसाच्या लहान बोळ्यावर एकच थेंब घ्या, बोळा किडीच्या खड्ड्यात ठेवा आणि काही मिनिटांनी काढून टाका. हिरडीवर चोळलं तर ती भाजते. अ‍ॅस्पिरिन दाढेपाशी धरून काहीही साधत नाही. ते आम्ल आहे, हिरडी पांढरी पडून सोलते. गोळी गिळली तरच तिचा उपयोग.

मिसरीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तंबाखू पिकवणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या या पट्ट्यात ती घराघरांत आहे आणि बायकांच्या तोंडांचं सर्वांत जास्त नुकसान तीच करते. ती लावल्यावर घटकाभर बरं वाटतं ते निकोटिनमुळे. तेच निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसवतं. मग आजारी हिरडीतून रक्त येत नाही, आणि हिरडी चांगली आहे असा समज होतो. दरम्यान हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात आणि दात आंबायला लागतात. मग त्यासाठी पुन्हा मिसरी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखत नसली तरी दाखवा.

प्रश्न (बेळगाव): खालच्या दाढेसाठी दोन इंजेक्शनं दिली. ओठ बधिर झाला, दाढ नाही. औषध खराब होतं का?

उत्तर: नाही. लिग्नोकेनला, म्हणजे भुलेच्या औषधाला, तंतूच्या आत शिरावं लागतं आणि सुजलेल्या, आम्ल झालेल्या जागी ते कमी शिरतं. शिवाय सूज आलेल्या गाभ्याचे तंतू इतके चेतलेले असतात की नेहमीच्या मात्रेला ते दबत नाहीत. उपाय आहेत. दाताच्या मुळालगतच्या फटीत वेगळी सुई देता येते, आर्टिकेन हे भुलेचं दुसरं औषध वापरता येतं, अगदी गरज पडली तर थेट गाभ्यात भूल देता येते. प्रक्रियेच्या तासभर आधी इबुप्रोफेन घेतल्यास भूल जास्त चांगली लागते, मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कळ जाणवली की लगेच हात वर करा, सोसू नका.

प्रश्न (अथणी): कडक भाकरी चावताना एकदम सणक येते. एक्स-रेमध्ये काही नाही म्हणतात.

उत्तर: चावताना दुखतं की चावा सोडताना, हे नीट बघा. सोडताना दुखत असेल तर दाढेला बारीक चीर असण्याचा संशय घ्यावा. अशी चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. दाढेच्या एकेका टोकावर काडी चावायला देऊन ती शोधतात. तोवर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा, आणि त्या बाजूने फुटाणे नकोत. चीर मुळापर्यंत गेली नसेल तर कॅप बसवून दाढ वाचते.

प्रश्न (संकेश्वर): गाल सुजला आहे. थांबावं की निघावं?

उत्तर: त्याच दिवशी दाखवा. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, जीभ वर ढकलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तोंड दोन बोटंही उघडेना किंवा डोळा मिटत चालला, तर दंतवैद्याची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि बेळगावचं जिल्हा रुग्णालय गाठा. अशी सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते. माणसाला आडवं झोपवू नका, बसवूनच न्या. कन्नड अडत असेल तर 'हल्लु नोवु' एवढं सांगा, सुजेवर बोट ठेवा, आणि घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या वेळ लिहून सोबत ठेवा.