वाका, तांदळा आणि दमलेला दगड

प्रश्न असा आहे: दक्षिण अमेरिकेतल्या इंकांच्या बांधकामावरील मराठी लेखांत 'हुआका' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ 'मूर्ती' असा दिलेला असतो. तो बरोबर आहे का?

नाही. स्पॅनिश लेखनातला एच मुका असतो, म्हणून आधी 'वाका' म्हणा. आता मूर्ती. मूर्तीला घडवलेले रूप लागते. वाका म्हणजे झरा, खडक, डोंगर, जतन केलेले राजाचे शव, काहीही. बेर्नाबे कोबो या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने १६५३ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात इंकांची राजधानी कुस्को हिच्याभोवतीच्या ३२८ वाकांची यादी आहे आणि त्यांत निम्म्याहून जास्त नुसते झरे नि दगड आहेत. 'मूर्ती' हा अर्थ मिशनऱ्यांच्या सोयीचा होता. फोडायला समोर काहीतरी लागते ना! तो आपण कशाला वाहायचा? दगडी वाकासाठी मराठीत 'तांदळा' आहे: न घडवलेला, तरी देव असलेला. झऱ्याला तांदळा म्हणता येणार नाही हे मान्य, पण म्हणून मूर्ती कशी चालेल?

तांदळ्याचा हा आग्रह बांधकाम पाहिले की पटतो. माचू पिचू या इंका वसाहतीतल्या तोरेओन नावाच्या वास्तूत अर्धगोल भिंत मूळ खडकाला कवेत घेते. खडक जिथल्या तिथेच राहतो आणि दगड त्याच्या उंचसखलपणाला जुळवून घेतात. देव हलवायचा नाही, भिंतीने वळायचे.

जे दगड हलवायचे तेही निर्जीव मानलेले नव्हते. इथे माझा लाडका शब्द येतो: सायकुस्का. इंकांच्या केचुआ भाषेत 'सायकुय' म्हणजे दमणे, म्हणून सायकुस्का म्हणजे दमलेला. ओयांताय्ताम्बो या इंका स्थळाचे गुलाबी दगड उरुबांबा नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून, चारपाच किलोमीटरवरून ओढत आणले. वाटेत राहिलेल्या दगडांना आजही 'दमलेले दगड' म्हणतात. 'टाकून दिलेले' नव्हे. थांबण्याचा निर्णय दगडाचा.

दगड रसायनाने मऊ करत, ही थाप आता पुरे. कठीण, गोटीव दगडांचे हातोडे पुरतात. इंका बांधकामाचे अभ्यासक जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य दगडाचा एक लहान ठोकळा स्वतः घडवून पाहिला: पृष्ठासाठी चारेक किलोचा गोटा, कडांसाठी अर्ध्या किलोच्या आसपासचा, आणि तीन बाजू दीड तासात. कडेवर मोठा गोटा सरळ मारला तर कोपरा उडतो. म्हणून तिथे लहान गोट्याने, कडेपासून दूर सरकणारे तिरके घाव घालायचे. खऱ्या भिंतींवरही मधले खळगे मोठे आणि कडांजवळचे बारीक दिसतात. बसवताना खालच्या थराचा माथा वरच्या दगडाच्या तळाप्रमाणे कोरत. दगड ठेवायचा, उचलायचा, दबलेल्या भुकटीवरून टेकलेली जागा ओळखायची आणि तेवढीच ठोकायची. उतावीळपणे जास्त ठोकले की फट पडते, आणि ती भरायला चुना नाही.

आता गार्सिलासो दे ला वेगा, इंका आई आणि स्पॅनिश बाप असलेला इतिहासकार. १६०९ च्या ग्रंथात तो दमलेल्या दगडाची दंतकथा सांगतो: दगड दमला नि रक्त रडला. मग तो तिचा उलगडा करतो की दगड घसरून हजारो माणसे चिरडली गेली, तेच ते रक्त. असा हिशेबी उलगडा मला पटत नाही. विशेष म्हणजे हाच गार्सिलासो दुसरीकडे बजावतो की 'वाका'तले शेवटचे अक्षर टाळूशी उच्चारले तर देव आणि घशात खोल उच्चारले तर रडणे, आणि स्पॅनिशांना हा फरक कळत नाही. दोन्ही किल्ल्या त्याच्याच हातात होत्या! वाका असलेला दगड रडतो, हा मुळात केचुआतला श्लेष असावा, असा माझा तर्क आहे. अपघात मागाहून चिकटला असेल.

हा फरक देवनागरीतही मावत नाही. म्हणून काहीजण पहिल्या अर्थासाठी 'वाखा' लिहितात. ते चूक आहे, कारण त्या क मध्ये ह मिसळलेला नाही, तो घसा आवळून फोडलेला क आहे. साधे 'वाका'च लिहा.